दुर्बिणीद्वारे होणाऱ्या स्त्रीरोग शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि स्थानिक भूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भाशय काढणे, बीजांडकोशातील गाठ किंवा फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतील गाठ) काढणे, एंडोमेट्रिओसिसवर (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारावर) उपचार करणे, नसबंदी करणे अशा अनेक शस्त्रक्रिया आता पोटावर मोठा छेद न घेता दुर्बिणीने होतात. या शस्त्रक्रियांत वेदना कमी करण्यासाठी स्थानिक भूल, म्हणजे जागा बधिर करणारे औषध, जवळजवळ नेहमीच वापरले जाते. पुढील उत्तरे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी आहेत. प्रत्यक्ष उपचाराचा निर्णय आपले शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनीच घ्यायचा असतो.

पूर्ण भूल दिलेली असताना जागा बधिर करण्याचे औषध वेगळे कशासाठी देतात?

पूर्ण भूल ही शस्त्रक्रियेपुरती असते. ती उतरवल्यावर काही मिनिटांत रुग्ण शुद्धीवर येते आणि तेव्हापासून तिला टाक्यांची जाणीव होऊ लागते. स्थानिक भुलीचे काम वेगळ्या ठिकाणी चालते. जिथे औषध टोचले जाते तिथल्या मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग ते बंद करते, त्यामुळे वेदनेचा संदेश मज्जारज्जूकडे निघतच नाही. परिणामी जागे झाल्यानंतरचे पहिले काही तास पोटावरच्या जखमा शांत राहतात.

दुसरा फायदा अप्रत्यक्ष असला तरी तितकाच मोलाचा आहे. वेदना कमी असल्या की मॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधे कमी लागतात आणि त्यांच्यामुळे होणारी मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता, लघवी अडणे हे त्रासही कमी होतात. पूर्ण भुलीनंतर उलट्या होण्याचा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक असतो आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो आणखी वाढतो, म्हणून या रुग्णांच्या बाबतीत अफूवर्गीय औषध जितके टाळता येईल तितके बरे.

छिद्रे तर अर्ध्या-एक सेंटिमीटरची असतात. मग इतके दुखते कशाने?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना एका जातीच्या नसतात. त्यांचे तीन उगम असतात आणि प्रत्येकाचा मार्ग निराळा असतो.

पहिला उगम म्हणजे पोटाची भिंत. त्वचा, स्नायूंवरील पडदा, स्नायू आणि उदरावरण, म्हणजे पोटाच्या पोकळीचे आतले पातळ अस्तर, यांतून नळ्या आत घातलेल्या असतात. या भिंतीच्या संवेदना छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूंतून जातात. ही वेदना टोचणारी असते, बोट ठेवून दाखवता येते, आणि खोकताना किंवा कुशीवर वळताना वाढते. बेंबीजवळचे छिद्र सहसा इतरांपेक्षा मोठे असते, आणि काढलेला अवयव बाहेर घेण्यासाठी ते कधीकधी आणखी वाढवावे लागते, म्हणून तिथे जास्त दुखते.

दुसरा उगम आतल्या अवयवांचा. गर्भाशयाच्या वरच्या भागाच्या वेदना छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या पातळीवर पोहोचतात, तर गर्भाशयमुख आणि योनीच्या वरच्या टोकाच्या वेदना माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतील मज्जातंतूंतून जातात. ही वेदना खोल, बोथट आणि पाळीतल्या कळांसारखी असते. रुग्णाला ती नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही, ओटीपोटावर तळहात फिरवून ती फक्त "इथे सगळीकडे" म्हणते.

तिसरा उगम पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा. त्याची वेदना चक्क खांद्यात जाणवते आणि तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे.

छिद्रांपाशी टोचलेली स्थानिक भूल या तिघांपैकी फक्त पहिलीवर काम करते. "इंजेक्शन देऊनही दुखलेच" अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते: औषधाने आपले काम केलेले असते, पण दुखणे दुसऱ्या जागेचे असते. ही गोष्ट रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवी, आणि आमच्या मते ती पुरेशी सांगितली जात नाही.

कोणती औषधे वापरली जातात आणि त्यांचा परिणाम किती वेळ टिकतो?

लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन, काही मिनिटांत काम सुरू करते, पण साधारण एक ते दोन तासांत उतरते. त्यात अॅड्रेनॅलिन मिसळले तर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध जागेवर अधिक वेळ राहते आणि परिणाम लांबतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी मात्र बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन अधिक सोयीचे, कारण जखमेत टोचल्यावर त्यांचा परिणाम साधारण चार ते आठ तास टिकतो. बुपिवाकेन १९५७ पासून ज्ञात आहे. रोपिवाकेन १९९० च्या दशकात वापरात आले आणि हृदयावरील दुष्परिणामांच्या दृष्टीने ते तुलनेने सौम्य मानले जाते.

हे औषध नेमके कसे टोचतात?

रुग्ण पूर्ण भुलीत असल्यामुळे टोचण्याची वेदना तिला कळत नाही. शल्यचिकित्सक छिद्राच्या जागी बारीक सुई आधी त्वचेखाली घालतात आणि तिथे थोडे औषध सोडले की त्वचा किंचित फुगून पांढुरकी दिसते. मग सुई खोल नेत स्नायूंवरचा पडदा आणि त्याखालच्या उदरावरणापर्यंत उरलेले औषध थराथराने सोडले जाते. दुर्बीण आधीच आत असेल तर मॉनिटरवर आतल्या बाजूने उदरावरणाखाली औषधाचा लहानसा फुगवटा उठताना दिसतो आणि औषध योग्य थरात गेल्याची खात्री पटते. प्रत्येक वेळी औषध सोडण्यापूर्वी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहिले जाते. फक्त त्वचेखाली औषध सोडून काम उरकले तर त्याचा उपयोग अर्धाच होतो, कारण खोकताना दुखते ते मुख्यतः खोलवरच्या थरांत.

औषध छेद घेण्याआधी द्यावे की टाके घालताना?

आधी दिल्यास वेदनेचा संदेश सुरुवातीपासूनच अडवला जातो आणि मज्जारज्जू "तापत" नाही, म्हणजे वेदनेला अतिसंवेदनशील होत नाही, हा विचार तर्काला धरून आहे. प्रत्यक्षात दोन्ही वेळांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि जिथे फरक दिसतो तिथेही तो लहान आहे. शस्त्रक्रिया तीन-चार तास चालणार असेल तर आधी दिलेल्या औषधाचा बराचसा काळ रुग्ण झोपेत असतानाच संपतो, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यामुळे काही शल्यचिकित्सक आधी देतात, काही शेवटी देतात, तर काही एकूण मात्रेचे दोन भाग करतात. या तिन्ही पद्धती योग्य आहेत.

गर्भाशयमुखाशेजारी देण्याच्या इंजेक्शनचा उपयोग होतो का?

गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातील चार आणि आठच्या स्थानी, योनीमार्गे औषध सोडल्यास गर्भाशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे बधिर होते. पोटाच्या भिंतीवरचे इंजेक्शन जिथे पोहोचत नाही त्या आतल्या वेदनेवर हा उपाय आहे, म्हणून कल्पना म्हणून तो आकर्षक वाटतो. योनीमार्गे गर्भाशय काढताना पहिल्या काही तासांतील वेदना त्यामुळे कमी होतात, असे दिसून आले आहे. दुर्बिणीने गर्भाशय काढताना मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत: काही ठिकाणी सुरुवातीच्या तासांत फायदा दिसतो, काही ठिकाणी फरक जवळपास दिसत नाही. टोचायला मिनिटभर पुरते आणि योग्य मात्रेत धोका कमी असतो, त्यामुळे काही शल्यचिकित्सक तो वापरतात. मात्र या भागात रक्तवाहिन्या दाट असल्यामुळे औषध थेट रक्तात जाणार नाही याची इथे विशेष काळजी घ्यावी लागते.

गर्भाशयाच्या पोकळीत दुर्बीण घालून केल्या जाणाऱ्या तपासणीत, म्हणजे हिस्टेरोस्कोपीत, पूर्ण भूल न देता याच इंजेक्शनचा आधार घेता येतो. तिथे रुग्ण जागी असल्याने टोचण्याची कळ मात्र तिला जाणवते.

"टॅप ब्लॉक" म्हणजे काय, आणि मी तो मागून घ्यावा का?

पोटाच्या कडेला स्नायूंचे तीन थर असतात. त्यांपैकी आतल्या दोन थरांमधून पोटाच्या भिंतीचे मज्जातंतू धावतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत या दोन थरांमध्ये औषध सोडणे म्हणजे टॅप ब्लॉक. मोठा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा चांगला उपयोग होतो. छोट्या छिद्रांच्या शस्त्रक्रियेत मात्र, छिद्रांपाशी नीट थराथराने औषध टोचलेले असेल तर, टॅप ब्लॉकने आणखी मिळणारा फायदा थोडाच असतो. गर्भाशयाच्या आतल्या वेदनेवर तो काम करीत नाही. त्यामुळे दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी तो आग्रहाने मागण्याचे कारण नाही. अवयव काढण्यासाठी छेद बराच वाढवावा लागणार असेल, किंवा अफूवर्गीय औषधे रुग्णाला सोसत नसतील, तर भूलतज्ज्ञ स्वतःच त्याचा विचार करतात.

पोटाच्या पोकळीत औषध शिंपडतात, ते काय असते?

शस्त्रक्रिया संपताना काही ठिकाणी बुपिवाकेन किंवा रोपिवाकेनचे द्रावण श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधील स्नायूच्या पडद्याखाली) किंवा ओटीपोटात सोडले जाते. त्यामुळे पहिल्या काही तासांतील वेदना काही प्रमाणात कमी होतात, परंतु औषध मोठ्या पृष्ठभागावरून वेगाने शोषले जाते, म्हणून मात्रेची गणना अधिक काटेकोर ठेवावी लागते. सर्वत्र ही पद्धत वापरली जात नाही.

दोन-तीन दिवस टिकणारे औषध निघाले आहे असे ऐकले. ते अधिक चांगले का?

बुपिवाकेन मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून तयार केलेले एक औषध आहे. त्याला लायपोसोमल बुपिवाकेन म्हणतात आणि अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. पिशव्यांतून औषध हळूहळू बाहेर पडावे आणि परिणाम लांबावा, अशी त्यामागची योजना आहे. साध्या बुपिवाकेनशी तुलना केल्यावर मात्र रुग्णाला प्रत्यक्ष जाणवणारा फायदा अनेक अभ्यासांत अपेक्षेइतका आढळलेला नाही. ते साध्या बुपिवाकेनपेक्षा पुष्कळ महागही आहे. शिवाय लिग्नोकेन त्याच जागी नुकतेच टोचले असेल तर पिशव्यांतील औषध एकदम बाहेर पडू शकते, म्हणून दोन्ही वापरताना मध्ये वेळ सोडावा लागतो. आजच्या पुराव्यावर पाहता, नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी साधे औषध योग्य मात्रेत आणि योग्य थरांत टोचणे हेच अधिक महत्त्वाचे आहे.

पोटाची शस्त्रक्रिया झाली, मग खांदा का दुखतो?

पोटात वायू भरल्यामुळे श्वासपटल ताणले जाते आणि वायूमुळे त्याचा पृष्ठभाग चिडतो. श्वासपटलाच्या संवेदना मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूकडे जातात, आणि खांद्याच्या त्वचेचे मज्जातंतूही त्याच पातळीवर मिळतात. त्यामुळे मेंदूला वाटते की दुखणे खांद्याचे आहे. ही वेदना उठून बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते आणि बहुधा एक ते तीन दिवसांत संपते.

छिद्रांपाशी टोचलेल्या औषधाचा हिच्यावर काहीही परिणाम होत नाही. उपाय शस्त्रक्रियेच्या वेळीच करावा लागतो: वायूचा दाब शक्य तितका कमी ठेवणे, आणि शेवटी डोक्याकडची बाजू खाली करून भूलतज्ज्ञाने फुप्फुसे काही वेळा पूर्ण फुगवणे, म्हणजे उरलेला वायू छिद्रांवाटे बाहेर ढकलला जातो. घरी आल्यावर बऱ्याच जणी गॅसच्या गोळ्या घेतात. त्या आतड्यातील वायूसाठी असतात, आणि हा वायू आतड्याबाहेर उदरपोकळीत असल्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही. थोडा वेळ सपाट पडून राहणे, हळूहळू चालणे आणि वेदनाशामक गोळी वेळेवर घेणे एवढेच पुरे होते.

औषधाचा परिणाम उतरल्यावर एकदम दुखू लागेल का?

एकदम म्हणता येणार नाही, पण फरक जाणवतो. सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला दुपारी फारसे दुखत नाही, ती गोळी टाळते आणि संध्याकाळी टाके जाणवू लागल्यावर धावपळ होते. ही नेहमीची घटना आहे आणि ती टाळता येते. दुखू लागण्याची वाट न पाहता पॅरासिटामॉल आणि, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखे औषध पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घ्यावे. या दोन प्रकारच्या गोळ्या वेगवेगळ्या मार्गाने काम करतात, म्हणून त्या एकमेकींना पूरक ठरतात, आणि आतल्या कळांवर आयबुप्रोफेन वर्गाचा विशेष गुण येतो. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची २४ तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ती आणखी कमी ठेवतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे इथे सांगणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा आजार, पोटातील अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर आयबुप्रोफेन वर्ग स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ही औषधे किती सुरक्षित आहेत?

मात्रा पाळली तर फार सुरक्षित. धोका असतो तो मात्रा ओलांडली गेली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले तर. बुपिवाकेनसाठी साधारण प्रति किलो वजनामागे २ मिलिग्रॅम, रोपिवाकेनसाठी ३, साध्या लिग्नोकेनसाठी ४.५ आणि अॅड्रेनॅलिनयुक्त लिग्नोकेनसाठी ७ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली जाते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला बुपिवाकेन १२० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. ०.२५ टक्के द्रावणाचे ते ४८ मिलिलिटर होतात, पण ०.५ टक्के द्रावणाचे फक्त २४. म्हणजे बाटली बदलली तर तितक्याच मिलिलिटरमध्ये औषध दुप्पट जाते. छिद्रांपाशी, गर्भाशयमुखाशेजारी आणि पोटाच्या कडेला अशी तीन ठिकाणी औषधे दिली जाणार असतील, तर तिन्हींची बेरीज या एकाच मर्यादेत बसवावी लागते. एक मात्रा शल्यचिकित्सक देतात आणि दुसरी भूलतज्ज्ञ, म्हणून दोघांनी आकडे मोठ्याने बोलून ठरवणे ही चांगल्या शस्त्रक्रियागृहाची खूण आहे.

मात्रा जास्त झाल्यास जाग्या रुग्णाला ओठांभोवती बधिरता, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, अस्वस्थता अशी लक्षणे जाणवतात. पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पूर्ण भुलीतील रुग्णाला सुरुवातीची लक्षणे सांगता येत नाहीत, त्यामुळे कधीकधी पहिली खूण थेट ईसीजीवर दिसते. यावर शिरेतून २० टक्के मेदद्रावण देणे हा प्रभावी उपाय आहे. त्याचा परिणाम १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसला आणि २००६ मध्ये माणसावरील यशस्वी उपयोगाची नोंद प्रसिद्ध झाली. अशी घटना क्वचितच घडते, तरीही हे द्रावण हाताशी असणे अपेक्षित असते.

दातांच्या दवाखान्यात इंजेक्शनने छातीत धडधडले होते. मला अॅलर्जी आहे का?

बहुधा नाही. ती धडधड सहसा औषधात मिसळलेल्या अॅड्रेनॅलिनमुळे किंवा भीतीमुळे होते. लिग्नोकेन आणि बुपिवाकेन या वर्गाची खरी अॅलर्जी अत्यंत विरळा असते, आणि कधीकधी ती औषधाची नसून टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनाची निघते. तरीही अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे असे काही झाले असेल तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. हृदयाच्या ठोक्यांचा आजार, यकृताचा आजार, गरोदरपण आणि चालू असलेली सर्व औषधे यांचीही माहिती द्यावी.

पोटावर किंवा मांडीवर बधिरता राहिली तर?

छिद्रांभोवतीची बधिरता काही तासांत जाते. त्वचेतील बारीक मज्जातंतू कापले गेल्यामुळे टाक्यांशेजारचा छोटा भाग काही आठवडे सुन्न राहू शकतो. पोटाच्या कडेला दिलेले औषध कधीकधी खाली ओघळून मांडीच्या मज्जातंतूपर्यंत पोहोचते आणि गुडघा लटका पडतो. ही कमजोरी तात्पुरती असते, पण त्या अवस्थेत एकटीने उठल्यास पडण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्यांदा उठताना कोणाचा तरी हात धरावा.

बाळाला अंगावर पाजत असल्यास काय?

लिग्नोकेन आणि बुपिवाकेन आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात. रुग्ण नीट शुद्धीवर आली आणि बाळाला सांभाळण्याइतकी सावध झाली की पाजायला हरकत नसते. जखम भरण्यावरही या औषधांचा लक्षात येण्याजोगा वाईट परिणाम होत नाही.

वेदना झाकली गेल्यामुळे आतली गुंतागुंत लक्षात न येण्याची भीती आहे का?

नाही. छिद्रांजवळचे औषध आतले अवयव बधिर करीत नाही आणि काही तासांत उतरतेही. आतडे किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली असेल तर त्याची लक्षणे पुष्कळदा एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना रोज थोडी कमी होत जायला हवी. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढू लागली, गोळ्यांना दाद देईनाशी झाली, पोट फुगून कडक झाले, वारंवार उलट्या झाल्या, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, लघवी होईना, योनीतून जास्त रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा श्वास लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा. रात्रीची वेळ असली तरी संकोच करू नये.